हॉर्न्याकांच्या गॅरेजवरची निळी पाटी

पाटी पहिल्यांदा दिसली मार्लीनला, आणि तिला पहिला संशय आला तो सख्ख्या भावाचा.

रविवार होता. चर्च सुटून सगळे घरी आले होते. म्हाताऱ्या आईने, ओल्गाने, ओव्हनमध्ये हॅम ठेवला होता, आणि मार्लीन कॉफीचा कप हातात घेऊन मागच्या अंगणात गेली होती. गॅरेज उघडून जरा केर काढावा, एवढाच तिचा विचार. आतलं जुनं रेल्वेसामान न्यायला म्युझियमची माणसं दुपारी यायची होती. पण दाराच्या कडीत वडिलांचं, पॉपचं, नेहमीचं कुलूप नव्हतं. तिथे दुसरंच जुनं पितळी कुलूप होतं, आणि त्यातच अडकवलेली एक लोखंडी निळी पाटी दारावर लोंबत होती. रंग ठिकठिकाणी उडाला होता, पण पांढरी अक्षरं वाचता येत होती: थांबा, माणसं कामावर आहेत.

आमच्या हॅनलिन गावात ही पाटी शेंबड्या पोरालाही कळते. रेल्वेच्या यार्डात डब्याखाली शिरून काम करायचं असलं की कामगार आधी रुळावर निळी पाटी लावणार. ती असेपर्यंत त्या गाडीला कोणी धक्का द्यायचा नाही, इंजिन जोडायचं नाही. आणि पाटी काढायची ती ज्याने लावली त्यानेच. साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. यार्ड बंद पडून आता एक पिढी उलटली. रूळ उपटून नेले, त्या जागी लोक कुत्री फिरवतात. नियम मात्र गावाच्या हाडात मुरलाय, तो काही निघत नाही.

मार्लीनने कप पायरीवर ठेवला. "बर्नी, बाहेर ये जरा."

बर्नी आला तो कोलाची, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी, चघळतच. साठी उलटलेला, गुडघे गेलेले, गावातलं हार्डवेअरचं दुकान रेटून चालवणारा माणूस. त्याने पाटीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हे काय नवीन?"

"तेच तुला विचारतेय."

"मला काय विचारतेस? मी तुझ्याच गाडीतून चर्चला गेलो, तुझ्याच गाडीतून आलो."

"काल लावली असशील. म्युझियमची गाडी आली तशी परत गेली, की तुझा तो ओहायोचा जुन्या वस्तूंचा दलाल मोकळा."

"तो माणूस एकदाच आला होता. मी त्याला दारातूनच कटवला."

"कटवलास, की फळीवरचे कंदील देऊन पाठवलास?"

झालं. निघाला तो विषय. दोन महिने हॉर्न्याकांच्या घरात कोणी तो मोठ्याने काढला नव्हता, पण हॅम कापतानासुद्धा तोच सगळ्यांच्या डोक्यात असायचा.

गोष्ट अशी. पॉप, म्हणजे म्हातारा स्टीफन हॉर्न्याक, फेब्रुवारीत गेला. मागे राहिलं हे घर, बायको ओल्गा, आणि गॅरेजभर रेल्वेचं सामान. घंटा होत्या, टोप्यांवरचे बिल्ले होते, स्टेशनांच्या पाट्या होत्या, पण खरी दौलत म्हणजे कंदील. यार्डातल्या माणसांचे हातकंदील, फळ्यांवर ओळीने मांडलेले, घासून लख्ख केलेले. आता घर विकलं होतं. ओल्गा नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधी मार्लीनकडे पिट्सबर्गला राहायला जाणार होती. सामानाचं काय, यावर घरात इतकी भांडणं झाली की शेवटी मार्लीननेच म्युझियम गाठलं. ते लोक एक अख्खं दालन देणार होते, दारावर पितळी अक्षरांत नाव: स्टीफन हॉर्न्याक संग्रह. हे ऐकल्यापासून ओल्गाची मान ताठ झाली होती. नवरा जन्मभर तेलकट कपड्यांत राहिला, आता त्याचं नाव भिंतीवर लागणार. चर्चमध्ये तिने हे किती जणांना सांगितलं असेल, ते पाद्रीच जाणे. तिची फक्त एक सही बाकी होती, की हे सगळं सामान आमच्या मालकीचं आहे.

आणि उन्हाळ्यात कधीतरी कंदील कमी व्हायला लागले. मार्लीनने ईस्टरला फोटो काढले होते, म्हणून लक्षात आलं. आज एक नाही, पंधरा दिवसांनी आणखी एक नाही. फळीवर धुळीत नुसतं गोल रिंगण. कुलूप शाबूत, चावी स्वयंपाकघरात खुंटीवर. म्हणजे घरचाच कोणीतरी.

"तू मला चोर म्हणतेस," बर्नी म्हणाला.

"मी कुठे म्हटलं? तू म्हणालास."

"मग माझंही ऐक. तो लॅथ्रप आहे ना म्युझियमचा, त्याच्याबरोबर तू जेवायला गेली होतीस. कोणालाही न सांगता. दुकानात गिऱ्हाईकाने सांगितलं मला. सख्ख्या बहिणीची बातमी मला खिळे मोजताना मिळते."

"कामासाठी गेले होते."

"हो ना. चांगलं चांगलं ते घेणार, उरलेलं लिलावात जाणार. उरलेल्याचं काय ठरलंय ते कोणाला माहीत? तुला आणि त्याला."

मार्लीनचा चेहरा उतरला, कारण लिलावाचं खरं होतं. म्युझियम सगळे कंदील ठेवणार नव्हतं. ही गोष्ट तिने आईला सांगितली नव्हती. त्यात पैसे खाण्यासारखं काही नव्हतं, आईला वाईट वाटेल एवढंच होतं, पण आता हे सांगून कोण विश्वास ठेवणार? ती पायरीवरचा कप उचलायला वळली, आणि बर्नीला वाटलं, पकडली.

"थांब, कटर आणतो," तो म्हणाला. "दोन मिनिटांत तोडतो कुलूप. मग बघू कोणाला काय लपवायचंय."

"कटर आणायचा नाही."

दोघांनी मागे वळून पाहिलं. ओल्गा जाळीच्या दारात उभी होती, हातात ओव्हनचा मोजा.

"मॉम, गॅरेज आहे हे," बर्नी म्हणाला. "मालगाडी नाही."

"पाटी आहे. ज्याने लावली तो काढेल."

"तू लावलीस का?" मार्लीनने विचारलं.

"मला ती उचलवेल तरी का आता?" एवढं बोलून ओल्गा आत गेली.

बहीणभाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. "मी लावली नाही, असं म्हणाली नाही ती," मार्लीन हळूच म्हणाली.

"खरंच, तसं नाही म्हणाली."

"तेच म्हणतेय मी. तिला माझ्याकडे यायचं नाहीये, बर्नी. म्हणून हे चाललंय. सामान हललं नाही की घर हलणार नाही, घर हललं नाही की ती हलणार नाही."

इतका वेळ एकमेकांचे गळे धरायला निघालेली ही दोघं आईवर संशय घ्यायला मात्र चटकन एक झाली. बर्नीने तर खिशातून उरलेली कोलाची काढून अर्धी बहिणीला दिली.

आत स्वयंपाकघरात डेनिस बटाटे कुस्करत होती. खिडकी उघडी होती. अंगणातला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

आता उगाच ताणत नाही, सांगून टाकतो. पाटी डेनिसने लावली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी, बर्नी टीव्हीवर फुटबॉल बघत असताना. कंदीलही तिनेच नेले होते. आणि या घरात दोन महिने प्रत्येकाने प्रत्येकावर संशय घेतला, पण डेनिसवर कोणी घेतला नाही. ती बर्नीची बायको, हॉर्न्याकांची सून. जेवण झालं की भांडी विसळणारी. चोर म्हणूनसुद्धा कोणाला ती आठवली नव्हती, आणि हे तिला कंदिलांपेक्षा जास्त लागलं होतं.

खरं तर हॉर्न्याकांच्या पोरांपैकी यार्डात कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. गेली होती ती डेनिस. बायकांना नुकतं घ्यायला लागले होते तेव्हा एकोणीस वर्षांची पोर कारमन म्हणून लागली, डबे तपासायला, ब्रेक दुरुस्त करायला. पॉप तिचा मुकादम. पाटी कशी लावायची, कुलूप कसं घालायचं, हे तिला त्यानेच शिकवलं. नंतर मुलाशी लग्नही त्यानेच जमवलं. यार्ड बंद झालं तशी ती शाळेची बस चालवायला लागली, आणि घरचे तिला बसवालीच समजायला लागले.

पॉपची नजर कमी झाली तेव्हापासून त्याला मयतीला न्यायचं काम तिच्याकडे होतं. आणि पॉप एकही मयत चुकवायचा नाही. दफन झालं की चर्चच्या तळघरात जेवण असायचं. पॉप आपलं ताट संपवायचा, विधवा एकटी सापडेपर्यंत थांबायचा, मग तिचे दोन्ही हात हातात घ्यायचा. "त्याचा कंदील कुठे ठेवलायस? तळघरात गंजून जाईल गं. माझ्याकडे दे, मी जपतो. पोरं मोठी झाली की मागून घे." नाही कोण म्हणणार? पॉप युनियनचा पुढारी. निम्म्या गावाचं पेन्शन त्याच्या हेलपाट्यांनी सुटलेलं. घरी येताना कंदील मागच्या सीटवर असायचा. गावात तर म्हणच पडली होती, की स्टीव्ह हॉर्न्याक मयतीहून रिकाम्या हाताने परत येत नाही. सगळे हसायचे. डेनिसही हसायची.

मग जूनमध्ये पोस्टात व्हेरा टोमको भेटली. काठी टेकत जवळ आली आणि म्हणाली, "डेनिस, कंदील म्युझियमला चाललेत म्हणे. त्यात आमच्या जॉर्जचाही जाईल का गं? नाही, जाऊ दे, पण नातू विचारत होता." मागते असंसुद्धा म्हणाली नाही बिचारी. डेनिस म्हणाली, घरी विचारते. आणि घरी कोणाला विचारायचं हे तिला कळेना. मार्लीनला विचारलं तर ती म्हणणार, तुझा काय संबंध. बर्नीला विचारलं तर भांडण. सासूला विचारायचं तर त्या पितळी अक्षरांचं काय करायचं? शेवटी तिने न विचारताच फळीवरून कंदील काढला आणि पिशवीत घालून नेऊन दिला. व्हेरा तो मांडीवर घेऊन बसली ती बसूनच राहिली. त्यानंतर डेनिसला थांबता आलं नाही.

"मीठ कमी आहे," ओल्गा मागून म्हणाली. बोटाने बटाटे चाखत होती.

"घालते."

ओल्गा सुनेकडे बघत उभी राहिली. काहीतरी बोलेल असं डेनिसला वाटलं, पण तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला.

म्युझियमची गाडी चांगली मोठी होती. लॅथ्रप उतरला तो कोट-टाय घालून, हातात कागदांची फाइल. त्याच्याबरोबर सामान उचलायला दोन म्हातारे. म्युझियममध्ये फुकट राबणारी ही मंडळी सगळी जुनी रेल्वेवालीच असतात. त्यातला उंच होता तो क्लीट वॉल्टर्स, नदीपलीकडच्या यार्डातून निवृत्त झालेला. हातगाडी ढकलत तो गॅरेजपाशी आला, पाटी पाहिली, आणि हातगाडीच्या दांड्यांवरून हात काढून घेतले. दुसराही दोन पावलं मागे सरला.

"काय झालं?" लॅथ्रपने विचारलं.

"पाटी आहे," क्लीट म्हणाला.

"छान आहे. तीही घेऊ."

"घेऊ काय, साहेब. लावलेली आहे ती. माणूस येऊन काढेल, मग बघू."

लॅथ्रप हसला. बर्नीही हसला, आणि कटर घेऊन आला. या वेळी आई पोर्चवरच्या खुर्चीत बसली होती, पण तिने त्याला अडवलं नाही. क्लीटने मात्र पुढे होऊन बर्नीचा हात धरला.

"हे बघ भाऊ, घर तुझं आहे, तू तोड. पण मग माल पण तूच उचल. मी चाळीस वर्षं नोकरी केली. दुसऱ्याच्या पाटीला ना कधी हात लावला, ना ती तोडून कधी आत गेलो. या म्हातारपणी कशाला सुरुवात करू?"

"गॅरेज म्हणजे काय मालडबा आहे, कोणावर चालून यायला?" मार्लीन वैतागली. "आत कोणी नाही. नुसतं सामान आहे."

"ते पाटी लावणाऱ्याला विचारा." क्लीटने खाली वाकून कुलूप निरखलं. "लावलीये बाकी नियमाने. ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही हे. या घरात कारमन कोण?"

"माझे वडील," बर्नी म्हणाला. "ते वारले."

"वारलेल्या माणसाने नाही लावली ही."

मार्लीन बर्नीकडे बघत होती, बर्नी मार्लीनकडे. आणि पोर्चवरून ओल्गाचा आवाज आला, अगदी साधा, जेवायला हाक मारावी तसा.

"डेनिस, हात पूस आणि बाहेर ये."

डेनिस आली. एप्रनला हात पुसत पायऱ्या उतरली.

"तू?" मार्लीन म्हणाली. तिच्या आवाजात रागाच्या आधी नवलच होतं.

"मी."

"आणि कंदील?"

"तेही मीच नेले. ज्यांचे होते त्यांना परत दिले. टोमको, बेनिक, युरिक, आणखी दोघं."

"ज्यांचे होते म्हणजे? ते पॉपचे होते."

"पॉपकडे होते," डेनिस म्हणाली. "जपायला घेतले होते. पोरं मोठी झाली की मागून घ्या म्हणून."

"लोक त्याला प्रेमाने देत होते."

"मी गाडी चालवत होते, मार्लीन. तू पिट्सबर्गला होतीस."

बर्नी इतका वेळ कटर हातात धरून उभा होता. त्याने तो गवतावर टाकला. "दोन महिने," तो बायकोला म्हणाला, "दोन महिने मी या घरात चोर ठरलोय. माझी बहीण माझ्याकडे बघून पर्स जवळ ओढत होती. आणि तू शेजारी बसून बटाटे वाढत होतीस."

"सांगणार होते," डेनिस म्हणाली. "पण तुला सांगितलं असतं तर ते मार्लीनला कळलं असतं."

"मी सांगितलं असतं? तिला?"

"भांडणात सांगितलं असतंस. भांडणात तुझ्या पोटात काही राहत नाही."

ते खरं होतं म्हणूनच बर्नीला जास्त झोंबलं. तो सरकून बहिणीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सकाळी एकमेकांना चोर म्हणणारी ही भावंडं आता खांद्याला खांदा लावून उभी, आणि समोर एकटी डेनिस. तेहेतीस वर्षं संसार केला तरी अशा वेळी माणसाला आपण कुठल्या बाजूला आहोत ते कळतं.

लॅथ्रपने घसा साफ केला. "मालकीबद्दल काही शंका असेल तर आम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं. सही झाल्यावर फार अवघड होतं."

"काही शंका नाही," मार्लीन म्हणाली. "डेनिस, पाटी काढ. तुला वाईट वाटलं, तू पाच नेऊन दिलेस, ठीक आहे, विसरू आपण. बाकीचे कोणाचे ते तुला तरी माहीत आहे का? सगळे?"

डेनिसचं तोंड पडलं. इथवर ती ताठ उभी होती. "सगळे नाही माहीत," ती म्हणाली. "आणि एक तर मी चुकवलाय. साबोचा कंदील युरिककडे दिला. मला वाटलं तोच. साबोची बायको नंतर भेटली, म्हणाली आमच्या एडने तळाला तीन रेघा मारल्या होत्या. त्या मी बघितल्या होत्या, पण पॉपने घासून इतक्या पुसट केलेल्या, माझ्या लक्षात आलं नाही. युरिकच्या पोरांनी तो खिडकीत लावलाय. रोज संध्याकाळी पेटवतात. आता कोणत्या तोंडाने परत मागू?"

"बघ," मार्लीन म्हणाली. "म्हणजे तूसुद्धा अंदाजेच वाटतेयस."

"पॉप सगळे कंदील सारखे करून ठेवायचा," डेनिस म्हणाली. "तार लावली असेल तर काढायचा, नाव कोरलं असेल तर घासायचा. खाली चिठ्ठी लावायचा, कारखाना कुठला आणि साल कुठलं. माणसाचं नाव नाही."

"संग्राहक तसंच करतात," लॅथ्रप म्हणाला. "त्यात गैर काही नाही."

"लॅथ्रपसाहेब." ओल्गा खुर्चीतून उठली होती. कठडा धरत ती खाली आली. "तुमच्या दालनाच्या दारावर स्टीव्हचं नाव लागणार."

"हो, नक्कीच."

"आणि आत कंदिलांच्या खाली काय लिहिणार?"

"कारखाना, साल, कुठल्या रेल्वेचा, एवढं."

"ज्याच्या हातात होता त्याचं नाव?"

"ते आमच्याकडे येत नाही, मिसेस हॉर्न्याक. संग्रहात असेल तेवढंच आम्ही लिहू शकतो."

ओल्गाने मान हलवली. मग सुनेकडे वळली. "काढ ती पाटी."

डेनिस हलली नाही. मार्लीनने सुटकेचा श्वास टाकला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

"मॉम, मी पाटी काढली की हे लोक माल उचलतील," डेनिस म्हणाली. "आत नुसतं सामान नाहीये. तुम्हाला माहीत आहे ते. प्रत्येक मयतीला कोलाची तुम्हीच करून पाठवत होतात."

"मला काय माहीत आहे ते तू मला सांगू नकोस," ओल्गा म्हणाली. "या घरात पाटी लावता येणारी दोनच माणसं. एक थडग्यात आहे. मी सकाळपासून वाट बघतेय तू कधी बोलशील म्हणून. काढ म्हणते ना."

डेनिसने एप्रनच्या खिशातून चावी काढली. कुलूप जुनं, लवकर निघेना. मग पाटी काढून तिने भिंतीला टेकवून ठेवली आणि बाजूला झाली. रडू येत होतं, पण या लोकांसमोर रडायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. क्लीटने हातगाडी धरली.

"थांबा," ओल्गा म्हणाली. "आधी मी."

ओल्गा गॅरेजमध्ये फारशी कधी गेलेली कोणी पाहिली नव्हती. जेवायची हाक ती अंगणातूनच मारायची. ती पहिल्या फळीपाशी गेली, एक कंदील उचलला, दांडी चाचपली, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. दारात सगळे उभे. लॅथ्रपला वाटलं म्हातारी निरोप घेतेय, म्हणून तो अदबीने बाजूला सरला.

"मॉम, काय शोधतेस?" शेवटी मार्लीनने विचारलं.

"माझ्या बापाचा."

कोणाला काही कळलं नाही. ओल्गा हातातल्या कंदिलाकडे बघतच बोलत राहिली.

"यातला पहिला त्याचा. तो गेला तेव्हा मी अठराची होते. स्टीव्ह मयतीला आला, नवीनच लागला होता यार्डात. आईचे हात धरून म्हणाला, माझ्याकडे द्या, मी जपतो. आईने दिला. पुढच्या रविवारी घासूनपुसून दाखवायला घेऊन आला. मग दर रविवारी यायला लागला. मला वाटलं, किती चांगला मुलगा." ती थांबली. "चांगलाच होता. तसं नाही म्हणत मी. पण आईने एकदा मागितला. म्हणाली, माझ्या मुलाला देईन म्हणते. स्टीव्ह म्हणाला, बघू. मग आमचं लग्न झालं आणि तिने मागायचं सोडलं. जावयाकडे कसं मागायचं? मरेपर्यंत नाही मागितला. आणि मी त्याला रोज वाढत होते, पण मलाही कधी जमलं नाही."

"तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस," बर्नी म्हणाला.

"काय सांगू? तुमच्या बापाबद्दल?"

ती पुढच्या फळीकडे सरकली. "दांडीला सुतळी होती. थंडीत लोखंड हाताला चिकटतं म्हणून त्याने घट्ट गुंडाळलेली, वर डांबर. मी लहान असताना तिचा वास यायचा त्याच्या हाताला." तिने आणखी एक दांडी चाचपली. "कुठेच सुतळी नाही."

मग बर्नी पुढे झाला. गुडघे धरत स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे कंदील काढून आईच्या हातात द्यायला लागला. मार्लीन तळाच्या चिठ्ठ्या वाचायला लागली, सालावरून काही कळतंय का बघायला. त्या काळातले तर कितीतरी होते. सगळे लख्ख, सगळे सारखे.

"डेनिस, तू बघ," मार्लीन म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती तिच्याशी नीट बोलली. "तुला कळत असेल."

डेनिसने बघितलं, उलटसुलट करून. मग मान हलवली. "तुमच्या वडिलांचा माझ्या आधीचा, मॉम. मला नाही सांगता येत."

ओल्गा खोक्यावर बसली. मांडीवर शेवटचा पाहिलेला कंदील तसाच. लॅथ्रप पुढे आला, फाइल छातीशी धरून. "मिसेस हॉर्न्याक, आपण पुन्हा कधीतरी..."

"जेवून जा तुम्ही. हॅम पुष्कळ आहे," ओल्गा म्हणाली. "पण गाडी रिकामी जाईल."

"मॉम, आणि पॉपचं नाव?" मार्लीन म्हणाली. तिलाही ते हवं होतं, आईइतकंच. कोणाला खरं वाटलं नसतं, पण सगळी धडपड तिने त्यासाठीच केली होती.

"मला नको होतं का? अख्ख्या चर्चला सांगून बसलेय मी. पुढच्या रविवारी त्यांच्यासमोर जायची लाज वाटेल मला, आणि मी जाणार." ओल्गाने कंदील फळीवर परत ठेवला, जिथे होता तिथेच. "बर्नी, हे दार आता उघडंच ठेव. डेनिस, तुला आठवतील त्या सगळ्यांना फोन कर. युरिकला आणि साबोलाही कर, दोघांना एकदमच बोलव. ज्याला आपल्या माणसाचा ओळखू येईल त्याने घेऊन जावा. नाही ओळखू आला तरी एक घेऊन जावा."

"आणि तुझा?" बर्नीने स्टुलावरूनच विचारलं. "कोणीतरी तोच उचलून नेला तर?"

"नेऊ दे. सगळ्यांचं होऊ दे आधी," ओल्गा म्हणाली. "शेवटी जो उरेल, तो माझ्या बापाचा."